खसखशीची सूट

डॉक्टर मृणाल हुद्दार यांचं पत्र मला आलं ते गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात. निळ्या शाईत हाताने लिहिलेले, पाठपोट भरलेले दोन कागद. हल्ली असं पत्र कोण लिहितं? त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, की मिरजेतले ते म्हातारे किणीकर फोन उचलत नाहीत, पडद्यावरचं शक्यतो वाचत नाहीत, पण कागद आला तर नीट ठेवतात. मी तो नीट ठेवला. उत्तर मात्र दिलं नाही.

पत्र आलं तेव्हा वहिनी ओट्याशी कांदा चिरत होत्या. माझा थोरला भाऊ गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच. मी बिनलग्नाचा राहिलो, त्यामुळे माझ्या आयुष्यात जे काही बोलणं झालं, ते बहुतेक वहिनींशीच झालं.

"कुणाचं हो, भावजी?"

"वेदनाशमन मंचाचं. त्या हुद्दार डॉक्टर आहेत ना, घरोघरी जाऊन कॅन्सरचे पेशंट बघतात."

"तुम्हाला काय झालंय?"

"मला नाही. त्यांना माझं मत हवंय."

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "तुमचं मत? मग आता दिवाळीपर्यंत तुम्ही जेवायला उठणार नाही."

मंचाला मत का हवं होतं, ते सांगायचं तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या झाकणाखाली बसवलेल्या पेटीपासून सुरुवात करावी लागेल.

माणूस जे औषध घेतो, त्यातलं काही जसंच्या तसं आणि काही रूप पालटून शरीराबाहेर पडतं आणि गटारात जातं. गटाराचं पाणी तपासून कुठल्या शहरात कुठलं अमली द्रव्य किती खपतं, याचा अंदाज फार पूर्वीपासून बांधत असत. मग यंत्र लहान झालं, स्वस्त झालं. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत एक पट्टी असते. तिच्यावर रेणूंचे साचे कोरलेले असतात, प्रत्येक द्रव्याचा वेगळा. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसा मॉर्फिनच्या साच्यात फक्त मॉर्फिनचा रेणू बसतो, आणि किती बसले ते पेटी दर प्रहराला कळवते. नदीच्या प्रदूषणाच्या कायद्यामुळे त्याच पट्टीवर आणखी बऱ्याच औषधांचे साचे होते: प्रतिजैविकं, संप्रेरकं, कॅन्सरच्या गोळ्या. तेही आकडे जमा होत. त्यांचं पुढे काही होत नसे.

लोकांनी या पेटीचं नाव ठेवलं होतं हवालदार.

हवालदार एका आंतरराष्ट्रीय करारामुळे आला होता. मॉर्फिन हे औषध आहे आणि नशाही. म्हणून कुठल्या देशाला वर्षाकाठी ते किती मिळावं, हे ठरवून देण्याची पद्धत जुनीच. नव्या पुरवणी कराराने त्याला हवालदार जोडला. रुग्णालयांनी नोंदवलेल्या मॉर्फिनपेक्षा पाण्यात जास्त सापडलं, तर तेवढं त्या जिल्ह्याच्या वाट्यातून कापायचं आणि मॉर्फिन देणाऱ्या जवळच्या केंद्राचा परवाना थांबवायचा. पाण्यात कमी सापडलं तर काय करायचं, याबद्दल करारात एक अक्षर नव्हतं.

पहिल्याच दिवाळीला घोटाळा झाला. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. तिच्या अंगाला मॉर्फिनचा किंचित अंश चिकटलेला असतो. त्याने काही चढत नाही, पण हवालदाराला तो कळतो. घरोघरी अनारसे खसखशीवर थापले गेले, आणि भाऊबीजेला आमच्या भागातल्या पाण्यात एवढं मॉर्फिन निघालं, की एखाद्याला वाटावं निम्मी मिरज नशेत आहे. हुद्दारांच्या केंद्राचा परवाना थंडी सरेपर्यंत बंद राहिला. अनारसे गावाने खाल्ले आणि शिक्षा झाली ती हाडं दुखणाऱ्यांना.

डॉक्टरांनी पत्रात हे सगळं लिहून पुढे म्हटलं होतं: करार बदलावा म्हणून अनेक देशांतल्या आमच्यासारख्या संस्था येत्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकत्र निवेदन देणार आहेत. आपण निवृत्त विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ आहात. खसखशीतलं मॉर्फिन आणि औषधातलं मॉर्फिन यांत पाण्यावरून फरक करता येत नाही, असं आपण लिहून द्याल का? आपल्या शब्दाला वजन आहे.

शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढून पुसला. माझ्या शब्दाला वजन असल्याचं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि ज्या एका गोष्टीसाठी ते हवं होतं, ती खरी नव्हती.

फरक करता येतो. खसखशीत मॉर्फिनबरोबर थेबेन नावाचं आणखी एक द्रव्य अगदी थोडं असतं. शुद्ध केलेल्या औषधात ते नसतं. म्हणजे पाण्यात मॉर्फिन आणि थेबेनची खूण दोन्ही असतील तर कुणीतरी खसखस खाल्ली आहे, आणि नुसतं मॉर्फिन असेल तर औषध. हे मी तरुणपणी प्रयोगशाळेत असताना पाहिलं होतं. तेव्हा दिवाळी होती, घरात अनारसे होते, आणि नमुना म्हणून मी दोनच माणसांची लघवी तपासली. एक माझी. दुसरी कुणाची, हे सांगायला मला आजही अवघड वाटतं. दादा गावाला गेला होता.

मी रिकामी बाटली रुमालात गुंडाळून स्वयंपाकघराच्या दाराशी बराच वेळ उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "काय हवंय, भावजी? तेल?" मी जमिनीकडे बघत काय हवंय ते सांगितलं. त्या आधी अवाक झाल्या आणि मग इतक्या हसल्या, की त्यांना झारा खाली ठेवून भिंतीला टेकावं लागलं. "विज्ञानासाठी ना? मग द्या इकडे. पण तुमच्या दादांना मीच सांगणार." पुढची कित्येक वर्षं घरी पाहुणे आले, की "आमच्या भावजींनी माझ्याकडे काय मागितलं होतं माहितीये का" हा विषय निघे आणि मी उठून गच्चीवर जाई.

तो शोध मी छापला नाही. दोन माणसांवरून काय सिद्ध होतं? आणखी नमुने घेऊ म्हणालो आणि ते मागायची हिंमत कधी झाली नाही.

तर डॉक्टरांना काय लिहायचं? फरक करता येत नाही असं लिहावं, तर ते खोटं. येतो असं लिहावं, तर मंचाच्या हातातली एकुलती एक सबब मीच काढून घ्यायची. मी बरेच मसुदे केले. एकात फारच आडवळणाने बोललो होतो, दुसऱ्यात माझ्या नावापुढच्या पदव्या मलाच खटकल्या. मग पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

माझ्यावाचून काही अडलं नाही. मंचाने आणि गावातल्या पुढाऱ्यांनी धरणं धरलं, आणि जिल्हा कार्यालयाने आमच्या भागाला खसखशीची सूट दिली. माणशी एवढी खसखस, तिच्यातून एवढं मॉर्फिन, असा ठोक आकडा धरून तेवढ्याकडे हवालदाराने दुर्लक्ष करायचं. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. मला वाटलं, चला, आता उत्तराची गरज उरली नाही.

त्याच सुमारास वहिनींचा, पूर्वी एकदा बरा झालेला कॅन्सर परत आला. या वेळी हाडांत.

आधी इंजेक्शनं झाली, केस गेले. मग गोळ्या झाल्या. वर्षभराने एक दिवस गोळ्याही थांबल्या, आणि मोठ्या रुग्णालयातला तरुण डॉक्टर माझ्याशी फार गोड बोलला, त्यावरून मी काय ते समजलो. त्यानंतर दुखणं सुरू झालं. वहिनींना कूस बदलता येईना. पोळपाट सरकवल्याचा आवाजही त्यांना पाठीत लागे. घरी मॉर्फिन मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत होती. तिला काही महिने लागतात, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. मी म्हणालो, "तेवढे महिने नाहीत." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात, आजोबा."

शेजारची रेहाना सतारमेकर हे सगळं बघत होती. तिचे सासरे सतारी करत, आता ती आणि तिचा नवरा करतात. दिवसभर त्यांच्या घरातून भोपळा तासल्याचा आवाज येतो. वहिनींनी त्या आवाजाला कधी नाक मुरडलं नाही, पण त्या दिवसांत तो आवाज आपोआप बंद झाला होता. एका दुपारी रेहाना हुद्दार डॉक्टरांनाच घेऊन आली.

पन्नाशीच्या, बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. वहिनींना तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली, किती थेंब ते रेहानाला समजावलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"गंगाधर किणीकर तुम्हीच?"

"हो."

"माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या. त्या बाटलीची कुठे नोंद नव्हती. पकडलं गेलं तर काय होईल ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यांनी पुन्हा पत्राचं नाव काढलं नाही.

वहिनी चार दिवसांत उठून बसल्या. आठवड्याने त्या दाराशी खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. ज्या औषधाला सगळं जग एवढं भितं, त्याने काय केलं? तर एका बाईला मटार सोलू दिले.

मात्र आता हवालदाराची काळजी होती. खसखशीच्या सुटीचा आकडा ठरलेला. गल्लीने नेहमीसारखी खसखस खाल्ली, तर वहिनींचं औषध त्या आकड्यात मावणार नव्हतं. हे रेहानाच्या लक्षात आलं. ती दारोदार फिरली. काय बोलली मला ठाऊक नाही, पण गल्लीने खसखस सोडली. कुणी ठराव केला नाही, कुणी शपथ घेतली नाही. वाटणातून खसखस गेली. ईदला रेहानाने शीरखुर्म्यात ती घातली नाही.

"काकू, घट्ट नाही झाला," वाटी पुढे करत ती म्हणाली. "सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं."

"पाणचट झालाय खरा," वहिनी म्हणाल्या आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

पलीकडचे तात्या बागवान रोज संध्याकाळी रस्त्यावरून ओरडत, "किणीकर, आमच्या रश्शाची पार वाट लावली तुम्ही! नुसतं तिखटाचं पाणी!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलाच रस्सा खात.

मग दिवाळी आली. गल्लीतले अनारसे खसखशीऐवजी तिळावर थापले गेले, काहींनी तर नुसत्या साखरेवर. आमच्याकडे ताटं आली. वहिनींनी एक अनारसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. डोक्यावरचा रुमाल मागे सारला. केस अजून नीट आले नव्हते.

"बघा भावजी, माझ्यासाठी बिचारे अनारसेही बोडके झाले."

मला हसू आलं नाही. मी त्या ताटाकडे बघत होतो. गल्लीच्या पाण्यात आता मॉर्फिन होतं आणि खसखस नव्हती. सूट खसखशीच्या नावाने होती. उद्या कुणी हवालदाराच्या पट्टीवर थेबेनचा एक साचा वाढवला, तर जगात कुठल्याही गल्लीचा गुन्हा उघड होणार नाही इतका आमच्या गल्लीचा होणार होता. लोकांनी भलेपणाने स्वतःचा आडोसा काढून टाकला होता.

हे मी वहिनींना सांगितलं. सगळं, थेबेनसकट.

"म्हणजे त्या बाटलीत तुम्ही बघितलेलं, ते?"

"तेच."

"आणि ते अजून कुणाला माहीत नाही?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

त्यांनी अनारसा ताटात परत ठेवला. "मग आज ना उद्या कळेलच. तुम्हाला कळलं म्हणजे ते काही फार अवघड नसणार." हे त्या चिडवायला म्हणाल्या, पण त्यांचा आवाज तसा नव्हता. "हुद्दारबाईंना लिहा. त्यांनी विचारलंच होतं तुम्हाला. त्या आपलं काय ते बघतील. खसखशीवर विसंबून राहणार नाहीत."

"लिहू?"

"मला काय विचारता? सत्तरी उलटली तुमची, अजून जेवायला बसू का ते विचारता."

मी बसलो. कागद घेतला. मायना लिहिला. आणि मग नेहमीचं सुरू झालं. दोन माणसांचा नमुना. तोही इतका जुना. समजा, माझं चुकत असेल? समजा, पत्र भलत्याच्या हाती पडलं, तर फरक कसा ओळखायचा ते सरकारला शिकवणारा मीच ठरेन. डॉक्टरांना तोंडी सांगावं, तर त्या आल्या की मी आतल्या खोलीत जात असे. आणि खरं सांगायचं तर, ही गोष्ट जगात एकट्या मला माहीत आहे, या समजुतीत एक सुख होतं. मी बोललो नाही तोवर ती कुणाला कळणार नाही, माझं गप्प राहणं हीच गल्लीची राखण आहे, असं मी स्वतःला पटवलं होतं. जन्मभर ज्याने स्वतःला कःपदार्थ मानलं, त्याला नेमका या एका बाबतीत एवढा अहंकार कुठून आला, कोण जाणे.

वहिनी अधूनमधून विचारत. "झालं का लिहून?"

"शेवटचा परिच्छेद राहिलाय," मी म्हणे.

संक्रांतीनंतर वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक छोटी बातमी आली. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेतल्या तीन तरुणांनी पाण्यातली खसखस आणि औषध वेगळं ओळखण्याची सोपी पद्धत शोधली आहे. खूण थेबेनची. जगभर गोळा झालेले आकडे त्यांनी संगणकाला दिले आणि संगणकाने ती एका दुपारी काढून दिली. मी बातमी दोनदा वाचली. वहिनींचं म्हणणं बरोबर होतं, ते काही फार अवघड नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात भगवे गणवेश घातलेली माणसं येऊन हवालदाराची पट्टी बदलून गेली. तात्या बागवानांनी त्यांना चहा दिला.

मग सगळं भराभर झालं. जिल्ह्यात आमच्यासारख्या आणखी काही गल्ल्या निघाल्या. भलेपणा काही आमचीच मक्तेदारी नव्हती. सूट रद्द झाली. जिल्ह्याच्या वाट्यातून वर्षभराचं जास्तीचं मॉर्फिन कापलं गेलं. हुद्दार डॉक्टरांना त्यांच्या केंद्रातूनच नेलं. बाटल्या कुणाकुणाच्या घरी दिल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. नावं नाहीत, तेव्हा औषध विकलं असं गृहीत धरून खटला भरला गेला.

वहिनींच्या बाटलीत राहिलेले थेंब रेहानाने पुरवून पुरवून दिले. ते संपले. आम्ही वहिनींना रुग्णालयात नेलं. तिथे होतं तेवढं मॉर्फिन शस्त्रक्रियांसाठी राखून ठेवलं होतं. तोच तरुण डॉक्टर होता. या वेळी तो गोड बोलला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. त्याचा तरी काय दोष? त्याने तापावरच्या गोळ्या लिहून दिल्या.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, काहीतरी वाचा मोठ्याने." मला दुसरं काही येत नव्हतंच. मी हाताला येईल ते पुस्तक घेऊन वाचू लागलो, प्रवासवर्णन, पाकक्रिया, काहीही. त्या ओरडत. मी वाचायचा थांबलो तर त्या ओरडता ओरडता खुणेने 'वाचा' म्हणत. मग मी आवाज चढवून वाचे. गल्लीत दोन्ही ऐकू जात असणार. शेवटी शेवटी त्यांना मी कोण ते कळत नव्हतं, आणि मी कुठलं पान वाचतोय ते मला. फाल्गुनात एका सकाळी फक्त माझाच आवाज उरला.

दिवस झाल्यावर रेहाना भाकरी-भाजीचा डबा घेऊन आली. तो तिने टेबलावर ठेवला. तिथेच शब्दकोश होता, आणि त्यातून निळ्या शाईचा कागद डोकावत होता. ती तो बघत उभी राहिली.

"काका, ते थेबेनचं मला काकूंनी सांगितलं होतं."

मी कागद शब्दकोशात आत सरकवला.

"दिवाळीतच सांगितलेलं. मी म्हटलं, मी जाऊन सांगते डॉक्टरबाईंना, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाल्या, नको. भावजी लिहितायत. त्यांना लिहू दे. एवढं एक तरी त्यांच्या हातून होऊ दे." तिने डब्याचं झाकण उघडून परत लावलं. "म्हणून थांबले. मीही मूर्खच."

ती गेल्यावर पलीकडे खूप दिवसांनी भोपळा तासल्याचा आवाज सुरू झाला.

मी पडद्यावरचं वाचत नाही, पण त्या दिवसांत वाचलं. करारातलं एक कलम असं, की हवालदारांचे सगळे आकडे जनतेला खुले असावेत. ते खुले आहेत. कुणीही बघू शकतं, कुणी बघत नाही. मी आमच्या गल्लीचा मॉर्फिनचा आलेख काढला आणि मग, का कोण जाणे, कॅन्सरच्या गोळ्यांच्या साच्याचे आकडे काढून तो आलेख त्याच्यावर ठेवला.

सगळं तिथे होतं. आधी गोळ्यांची रेघ वर चढते, ही वहिनींची. मग ती एकदम खाली येऊन थांबते, हा तो गोड बोललेला दिवस. मग थोडी सपाट जागा. त्यानंतर मॉर्फिनचा एक बुटका डोंगर. तो म्हणजे मटार, शीरखुर्मा, अनारसे. मग कडा तुटावा तशी रेघ तुटते, आणि पुन्हा सपाट. त्या दुसऱ्या सपाट जागेत काय आहे, ते यंत्राला माहीत नाही. तिथे मी वाचत होतो.

मग मी दुसऱ्या गल्ल्या काढल्या. दुसरी गावं, दुसरे जिल्हे. गोळ्यांची रेघ चढते, थांबते, आणि नंतर सपाट. बुटका डोंगर जवळजवळ कुठेच नाही. गोळ्या थांबल्या म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. त्यानंतर पाण्यात मॉर्फिन दिसायलाच हवं. दिसत नसेल, तर त्या गल्लीत कुणीतरी ओरडत आहे. अगदी साधा हिशेब. जास्तीचं मोजायला जे यंत्र बसवलं, ते कमीचंही आपोआप मोजत आलं होतं, गावोगाव, देशोदेशी, आणि त्या ढिगाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मंच इतकी वर्षं हेच मागत होता, की करारात न मिळालेल्या औषधाचीही मोजदाद असावी. त्यावर ठरलेलं उत्तर असे, वेदना मोजता येत नाही.

मी पत्र लिहायला घेतलं. या वेळी मायन्याखाली पहिलं वाक्य लगेच आलं.

"आपलं पत्र मिळालं. आपण विचारलं होतं, खसखस आणि औषध यांत फरक करता येतो का. येतो. मला हे आपण विचारलं त्याच्या फार आधीपासून माहीत होतं." पुढे आलेख कसे काढायचे ते लिहिलं, कुणालाही पडताळता येईल असं. कुठे चूक होऊ शकते, तेही लिहिलं. एकाच गल्लीत दोन रुग्ण असले तर काय, कुणी गाव सोडून गेलं तर काय. मग शेवटचा परिच्छेद, जो इतके महिने राहिला होता: "आमच्या गल्लीतली नोंद माझ्या घरातली आहे. माझ्या वहिनी शरयू किणीकर यांना आपण औषध दिलंत, ते मी माझ्या हाताने पाजलं आणि कुणाला विकलं नाही. तारखा आलेखात आहेत. हे मी न्यायालयात सांगेन." सही केली. थेंब पाजले रेहानाने, हे लिहिलं नाही. त्या पत्रातली तेवढी एक गोष्ट खोटी आहे.

डॉक्टर कोठडीत होत्या. तिथे पत्र आधी दुसरे वाचतात, मग ज्याचं त्याला मिळतं. मिळालं तर. ते मला चालणार होतं. एक प्रत मंचाच्या पत्त्यावर, पुढच्या परिषदेसाठी. परिषदेत ती कुणी वाचेल याची मला खात्री नाही. आणि ज्यांच्यासाठी लिहायचं होतं, त्या वहिनींचं वाट पाहणं तर संपलं होतं.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पाकिटं वजनाला ठेवली.

"आत काय आहे, आजोबा?"

"पत्राचं उत्तर."

"पत्र कधीचं?"

मी सांगितलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का उचलला. त्याच क्षणी मला शंका आली, की तिसऱ्या पानावर एका ठिकाणी दशांशचिन्ह चुकलं आहे. नक्की चुकलं आहे. मी काचेखालच्या फटीतून हात पुढे केला.

"जरा परत देता का? एकदा बघतो."

तिने शिक्का मारला, एकावर, मग दुसऱ्यावर, आणि पाकिटं मागच्या थैलीत टाकली.

"आता नाही देता येत, आजोबा. आता ते त्यांचं झालं."